विहिरीवरचं विमान

काल दुपारी मळ्यावरून काकवीची बाटली आली. अजून कोमट होती. बूच उघडलं आणि स्वयंपाकघरभर गुऱ्हाळाचा वास पसरला. उसाचा, धुराचा, चुलवाणात जळणाऱ्या चिपाडांचा. बाटली ओल्या फडक्याने पुसली, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या थाळीत उभी केली, आणि मग उगाचच कट्ट्यापाशी उभी राहिले.

संध्याकाळी तुमचा फोन आला. पार्थ, तू म्हणालास, "आजी, माझा लॅपटॉप सारखा तापतो. पंखा चालू आहे, वारा येतोय, तरी तापतो." रिया मागून ओरडली, "खिडकीबाहेर ठेव, बर्फ आहे!" मी हसले, आणि बराच वेळ हसत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, आजीला यातलं काय कळतं. पण "वारा येतोय, तरी तापतंय" हे वाक्य मी एका हिवाळ्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, की काल ते तुझ्या तोंडून आलं तेव्हा मला आधी चिपाडांच्या धुराचा वास आला आणि मग तुझा चेहरा दिसला.

तुमच्या बाबांच्या खोलीत भिंतीवर जो लाकडी पंखा टांगलेला आहे, जो शोभेचा आहे असं तुमच्या मित्रांना वाटतं, तो त्या हिवाळ्यातला आहे. तुमच्या आजोबांनी बांधलेल्या विमानाचा.

आजोबा, म्हणजे भूपाल, पोटापाण्यासाठी ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो आणि मी मुलींच्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवायचे. हातकणंगल्याच्या बाजूला आमचा मळा होता, आणि मळ्यावर माझ्या सासूबाई राहायच्या. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. शहरातल्या घरात त्यांना करमायचं नाही. "हितं भिंतीला भिंत लागून हाय," म्हणायच्या, "श्वास घ्यायचा म्हटलं तर शेजाऱ्याला इचारावं लागतंय." शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी गाडीने हातकणंगले स्टेशनवर उतरायचे आणि तिथून बैलगाडी मिळाली तर बैलगाडीने, नाहीतर चालत मळ्यावर जायचे. पायवाट उसातून होती. दोन्ही बाजूंनी ऊस इतका उंच की वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसायची. त्या पट्टीतून लहानपणी एक विमान अगदी खालून गेलं होतं, असं आजोबा सांगायचे. त्यांच्या सगळ्या वेडाचं मूळ ती पट्टी होती.

तरुणपणी ते पुण्याला जाऊन बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकले होते. पुढे परदेशातून टपालाने नकाशे मागवले, लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला, लाकडाच्या फासळ्यांवर कापड ताणून पंख केले. परवानगीचे अर्ज इंग्रजीत मी लिहिले. उत्तर यायला इतका वेळ लागला की तोवर पंखांचं एक कापड उंदरांनी कुरतडलं आणि आम्ही ते बदललंही. जमिनीवर चालवा आणि माळावर सरळ रेषेत उडी मारून बघा, एवढीच मोकळीक मिळाली. आजोबांना तेवढी पुरे होती. अडलं होतं ते इंजिनावाचून.

विमानाचं इंजिन आपल्याकडे कुठून मिळणार? पण गोव्याला एका खाणवाल्याची जपानी मोटार पुलाच्या कठड्याला धडकून निकामी झाली होती, आणि तिचं इंजिन धडधाकट होतं. ते निराळंच होतं. त्यात दट्ट्या वर-खाली होत नाही. आत शिंगाड्याच्या आकाराचा, तीन टोकांचा लोखंडी गोळा असतो आणि तो आपल्या घरात गरागरा फिरतो. अव्वांनी ते उघडलेलं पाहिलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "ह्यो तर चरकच की! ऊस घालायचा कुठनं?" आजोबांना ही उपमा इतकी आवडली की पुढे ते इंजिनाला चरकच म्हणू लागले. आकाराने लहान, वजनाला हलकं, जोर भरपूर, थरथर जवळजवळ नाही. विमानासाठी त्याहून चांगलं काय असणार? खोड एकच. त्याच्या अंगात उष्णता फार. आतला शिंगाडा तेलाने थंड ठेवायचा आणि बाहेरचं घर पाण्याने, आणि ते पाणी आणि तेल पुन्हा वाऱ्याने. यातलं एक जरी कमी पडलं तरी घर वाकडं होतं आणि इंजिन संपतं. दुसरं मिळणार नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं आणि त्याच सुमाराला विहिरीवरचं जुनं इंजिन बंद पडलं. आजोबांनी एका दगडात दोन पक्षी मारले, असं त्यांना तेव्हा वाटलं. नवं इंजिन तपासायचं तर होतंच. त्यांनी ते विहिरीच्या काठावर लाकडी ओंडक्यांवर बसवलं, पंप जोडला आणि विहिरीच्याच पाण्याचा एक पाइप इंजिनाच्या पोटातून फिरवून पाटात सोडला. मळ्यावरचं प्रत्येक इंजिन असंच थंड ठेवायची रीत होती. पाणी हवं तेवढं होतं, मग काटकसर कशाला? आजोबांचा सगळा जन्म अशा इंजिनांत गेलेला. इंजिन तापतंय म्हटलं की त्यांचा हात आपोआप पाण्याच्या कॉककडे जायचा.

काय दिवस होते ते! पहाटेचं धुकं उसावर बसलेलं, चुलवाणाचा धूर धुक्यातच अडकून खाली राहिलेला, काहिलीत रस उकळताना येणारा तो खदखद आवाज, आणि विहिरीकडून चरकाची अखंड, गुळगुळीत घरघर. इंजिनातून निघालेलं कोमट पाणी पाटात पडायचं. गुऱ्हाळावरच्या बायका तिथे धुणं धुवायच्या. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्याचा पाट म्हणजे चैन. अव्वासुद्धा त्याच पाण्याने आंघोळ करू लागल्या, अर्थात आधी गाळून. आमच्या घरी बिनगाळलेलं पाणी कशालाच वापरत नसत. गाळताना फडक्यात जे राहील ते सूक्ष्म जीव समजून पुन्हा विहिरीतच सोडायचं, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. या दोन गोष्टींत अव्वांनी कुणाचंच ऐकलं नाही. इंजिनात जाणारं पाणीही गाळून जावं असा त्यांचा हट्ट होता, म्हणून पाइपाच्या तोंडाला त्यांच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा बांधलेला असायचा.

इंजिन आठवडेच्या आठवडे चाललं. काटा कधी हलला नाही. आजोबा खूश, अव्वा खूश, बायका खूश. मी शनिवारी यायचे, काटा बघायचे आणि मीसुद्धा खूश व्हायचे. कुणाच्याच लक्षात एक साधी गोष्ट आली नाही.

ती लक्षात आणून दिली बशीरभाईंनी. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. तीन पिढ्या तांब्यापितळेचंच काम. आवाज असा की दुकानात बोलले तर आमच्या माडीवर ऐकू यायचं. विमानाचा रेडिएटर त्यांनीच करायचा असं ठरलं होतं, म्हणून माप घ्यायला ते पहिल्यांदा मळ्यावर आले. विहिरीभोवती एक चक्कर मारली, पाटातल्या पाण्यात बोट बुडवलं, आणि शांतपणे म्हणाले, "भूपालराव, सगळं झ्याक हाय. फक्त ही हीर डाव्या पंखाला बांधायची का उजव्या?"

आजोबा आधी हसले. मग हसता हसता थांबले. पंपाजवळच्या दगडावर बसले. आभाळात थंड पाण्याची विहीर बरोबर नसणार होती. इतके दिवस चाचणी झाली होती ती विहिरीची. विमानाची अजून सुरूच झाली नव्हती.

अव्वा मात्र वेगळाच हिशोब करत होत्या. उसाची तोडणी झाली की खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, राखायचा होता, आणि खोडव्याला पाणी हवं. जुनं इंजिन मेलेलं. नवं इंजिन विहिरीवर किती छान चालतं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आजोबांना समोर बसवलं. मी भाकऱ्या करत होते.

"भूपाल, एक सांगतो, ऐकून घे." अव्वा बोलताना पुरुषासारखं बोलायच्या, त्यांच्या माहेरकडे तशीच पद्धत होती. "तुजं इमान मी कवा आडवलं न्हाय. पर खोडवा वाळला तर वरीसभर काय खायाचं? पाडव्यापतूर तुजं इमान उडलं तर उडलं. न्हाय उडलं तर ह्ये इंजिन हिरीवर बसंल, आनि मग तितनं हलायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," आजोबा म्हणाले. आईला दिलेला शब्द ते मोडणार नाहीत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. भाकरी तव्यावर करपली आणि ती मीच खाल्ली.

आज मला त्या वयातल्या तुमच्या आजोबांचा चेहरा आठवायचा म्हटलं तर तो त्या क्षणातलाच आठवतो. रागावलेला नव्हता, खिन्नही नव्हता. परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागल्यावर हुशार मुलाचा असतो तसा होता.

मग विमान मळ्यावरच्या शेडमधून बाहेर आलं. शेपूट कडुनिंबाच्या बुंध्याला दोरखंडाने बांधलं. इंजिन नाकात बसवलं, पुढे लाकडी पंखा. नाकाखाली बशीरभाईंनी केलेला रेडिएटर, पितळी पट्ट्या आणि तांब्याच्या नळ्यांचा, लखलखीत. त्याच्या शेजारी तेलाचा छोटा. दोन्हींना झाकणारी पत्र्याची एक पेटी, आणि पेटीला पुढे एक गोल भोक, वारा आत यायला. बशीरभाईंनी त्या भोकाला 'तोंड' म्हटलं आणि पेटीला 'पोट'. नावं ठेवली की वस्तू आपली होते.

मी ब्रिटिश लोकांनी लिहिलेलं एक पुस्तक ग्रंथालयातून आणलं होतं. विमानांच्या इंजिनांना थंड कसं ठेवायचं यावर त्यात एक लांबलचक प्रकरण होतं. रविवारी दुपारी कडुनिंबाखाली घोंगडी टाकून मी ते वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आजोबा गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकायचे, बशीरभाई पडल्या पडल्या. एक वाक्य मी दोनदा वाचल्याचं आठवतं. रेडिएटरपर्यंत येता येता वाऱ्याचा वेग कमी व्हायला हवा आणि तो पसरायला हवा, अशा अर्थाचं. तिघांनीही माना डोलावल्या. शाळेत मुली डोलावतात तशा. त्या मानांचा अर्थ मला शिक्षिका म्हणून चांगला ठाऊक होता, तरी मीही डोलावली.

इंजिन सुरू केलं. पंखा फिरला, चिपाडं उडाली, गुऱ्हाळावरची माणसं डोक्यावरचे पटके धरून बघायला आली. काटा चढला. चढत चढत लाल खुणेला टेकला. आजोबांनी इंजिन बंद केलं.

"वारा येतोय की," आजोबा म्हणाले. "हात धर, बघ. वारा येतोय, तरी तापतंय."

"तोंड ल्हान पडतंय," बशीरभाई म्हणाले. "जेवायला बसल्यावर तोंड मिटून भागतंय व्हय? मोठं करू."

तोंड मोठं केलं. पुढच्या रविवारी पुन्हा इंजिन सुरू. काटा पुन्हा लाल खुणेवर. आणखी मोठं केलं. आता ते विमान आ वासलेल्या मगरीसारखं दिसत होतं, आणि काटा तिथेच. रस्त्यावरून जाणारे सायकल थांबवून विचारायचे, "पावणं, इमान उडलं का न्हाय?" बशीरभाई ओरडायचे, "अजून जेवतंय! पोट भरलं की उडंल!" हसण्यात दिवस जायचा, पण संध्याकाळी हत्यारं पुसताना आजोबा उसाकडे बघायचे. तोडणी संपत आली होती. उसाच्या भिंती एकेक करून पडत होत्या आणि मळ्यावरून लांबची, पन्हाळ्याच्या बाजूची निळी डोंगररांग दिसू लागली होती. एरवी मला ते दृश्य फार आवडतं. त्या वर्षी ते दिसू लागलं याचा अर्थ एकच होता. दिवस सरत आले.

गुऱ्हाळाच्या दिवसांत माशा किती असतात ते तुम्हाला सांगून कळणार नाही. रसावर मधमाशा, मळीवर गांधीलमाशा, काहिलीभोवती नुसतं घोंघावणं. इंजिनाच्या वाऱ्यात त्या ओढल्या जायच्या आणि थेट रेडिएटरवर आपटायच्या. एका रविवारी अव्वा विमानाजवळ आल्या, वाकून मगरीच्या तोंडात पाहिलं, आणि तिथेच थबकल्या. पितळी पट्ट्यांत मधमाशा अडकल्या होत्या. भाजलेल्या.

"ह्ये काय?"

आजोबा हातातला पाना पुसू लागले.

"इमानाचं मी बोललो न्हाय. पर ह्ये चालायचं न्हाय. पानी गाळून घेताय न्हवं? मग वारा बी गाळून घ्या."

"अव्वा, अगं फडकं बांधलं तर वारा कुठनं जायचा?" आजोबा कळवळून म्हणाले. "आधीच तापतंय."

"ते तुजं तू बग. जीव मारून उडायचं असंल तर ऱ्हाऊ दे उडायचं."

बशीरभाई हळूच म्हणाले, "घ्या. आता रेडिएटर बी गाळून पिनार." पण हसले नाहीत. त्यांनीच तारेची एक चौकट वाकवून दिली. अव्वांच्या विरलेल्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा मी तिच्यावर शिवला आणि ती चौकट रेडिएटरच्या पुढे, पेटीच्या आत, घट्ट बसवली. आजोबांचा चेहरा असा की आता सगळं संपलंच.

इंजिन सुरू झालं. काटा चढला, लाल खुणेला टेकला. बंद केलं.

"बघितलंस? म्हनालो न्हवतो?" आजोबा अव्वांना म्हणाले.

मला मात्र काहीतरी खटकत राहिलं. फडक्यामुळे वारा अडणार असेल तर काटा आधीपेक्षा लवकर चढायला हवा होता. तो तर नेहमीइतकाच वेळ घेऊन चढला होता. फडकं नसल्यासारखा.

सूर्य कलला होता. जेवणाची वेळ व्हायच्या आत धुणं उरकायचं म्हणून मी चौकट काढली, टाके उसवले आणि फडकं विहिरीकडे घेऊन निघाले. कोणतीही गोष्ट भिजवण्याआधी झटकून बघायची मला सवय आहे. खिशात काही राहिलं असेल तर कळतं. तसं ते फडकं मी दोन्ही हातांनी उन्हासमोर धरलं.

मध्यभागी एक काळा डाग होता. गोल, भाकरीएवढा. चुलवाणाची काजळी आणि चिपाडांची धूळ दाबून बसलेली. त्या भाकरीच्या बाहेर, चारही कोपऱ्यांपर्यंत, फडकं सकाळी शिवलं तसंच्या तसं पांढरं होतं.

मी ते धुतलं नाही. तसंच हातात धरून परत आले आणि रेडिएटरपुढे धरलं.

आजोबांनी आधी डागाकडे पाहिलं, मग पेटीच्या तोंडाकडे, मग पुन्हा डागाकडे. "मधनंच जातोय," ते म्हणाले. "सगळा वारा मधनंच जातोय. कोपऱ्यात जातच न्हाय!"

"मग म्या एवढा मोठा रेडिएटर केला तो कुनासाठी?" बशीरभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले. "भाकरीएवढा केला असता की!"

शाळेची शेवटची घंटा झाली की मुली वर्गातून सुटतात आणि सरळ रेषेत फाटकाकडे धावतात. मैदान एवढं मोठं, पण कोपऱ्यात कुणी जात नाही. वारा तसाच सुटला होता. भोकातून आत शिरला की एकदम मोकळ्या पेटीत यायचा, आणि पसरायला त्याला ना वेळ होता ना वाट. पुस्तकातलं ते वाक्य मी मग तिसऱ्यांदा वाचलं. शब्द तेच होते. या वेळी कुणी मान डोलावली नाही. त्यावरून मला कळलं की आता समजलं.

तोंड लहान हवं होतं आणि तोंडापासून पोटापर्यंत एक लांब घसा हवा होता, हळूहळू रुंद होत जाणारा. तो पत्र्याचा कापायचा कसा, यावर दोघांचा दुपारभर वाद झाला. शेवटी मी वर्तमानपत्र आणि कात्री घेतली. तुमच्या आत्यासाठी मी कळ्यांचे परकर शिवायचे. कमरेपाशी अरुंद आणि खाली घेर, अशा लांबट कळ्या एकमेकींना जोडल्या की घेर आपोआप सुंदर पडतो, कुठे चुणी येत नाही. तशाच कळ्या कागदाच्या कापल्या, जोडल्या आणि उभ्या केल्या. बशीरभाईंनी तो कागदी घसा हातात फिरवून फिरवून पाहिला. "वैनी," ते म्हणाले, "इमानाला परकर नेसवला की तुमी!" पण त्याच मापाने त्यांनी पत्रा कापला आणि असे सांधे मारले की आतून हात फिरवला तर शिवण लागू नये.

पुढच्या रविवारी डाग ताटाएवढा झाला. काटा लाल खुणेच्या अलीकडे बराच वेळ घोटाळला, मग टेकला. त्याच्या पुढच्या रविवारी घसा थोडा आणखी लांबवला आणि डाग परातीएवढा झाला. दर आठवड्याला मी फडकं स्वच्छ धुऊन, वाळवून, पुन्हा शिवायचे, आणि दर आठवड्याला आम्ही चौघं ते उन्हासमोर धरून उभे राहायचो. अव्वासुद्धा यायच्या. त्या माशा मोजायच्या, आम्ही डाग बघायचो. फडक्यावर आपटलेली माशी तापलेल्या पितळेपर्यंत पोचत नव्हती. थोडी घेरी आल्यासारखी करून उडून जायची. अव्वा तेवढ्यावर समाधानी होत्या.

खालचे दोन कोपरे तरी पांढरेच राहत होते. तिथे आजोबांना चुलवाण आठवलं. चुलवाणात कितीही चिपाडं कोंबा, मागच्या धुराड्याची वाट मोकळी नसेल तर आग पेटत नाही, धूर तोंडाकडे परत येतो. आमच्या पेटीलाही मागून बाहेर पडायची वाट होती, पण सगळ्यांचं लक्ष पुढच्या तोंडाकडे. मागची ती फट अरुंद होती आणि तापून फुगलेला वारा तिच्याशी येऊन अडत होता. फट रुंद केली, तिला नीट वळण दिलं. काटा मधल्या खुणेपर्यंत गेला आणि थांबला. आजोबा इंजिन बंद करायचं विसरूनच गेले.

तोवर शिमगा झाला होता. चुलवाण विझलं होतं, काहील पालथी घातली होती, शेवटच्या ढेपा वखारीत गेल्या होत्या. मळा उघडा पडला होता आणि ऊन भाजू लागलं होतं. हिवाळ्यात थंड राहिलेलं इंजिन या उन्हात, प्रत्यक्ष धावताना आणि उडताना थंड राहील का, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. खोडव्याला पहिलं पाणी शेजाऱ्यांकडून मागून घेतलं होतं. दुसरं मागायला अव्वा तयार नव्हत्या. विहिरीच्या काठावर ते ओंडके तसेच मांडून ठेवलेले होते, रिकामे, वाट बघत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी विमान माळावर नेलं. मुरमाड, तांबडा, सपाट माळ, दूरवर बाभळी. बातमी कुणी दिली कोण जाणे, पण आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आली होती. अव्वांसाठी खुर्ची नेली होती. त्या तिच्यात बसल्या नाहीत, काठी टेकून उभ्या राहिल्या.

"फडकं लावलंया का?" त्यांनी विचारलं.

"लावलंया," आजोबा म्हणाले. मग वाकून त्यांच्या पाया पडले. अव्वांनी डोक्यावर हात ठेवला.

विमान सुटलं. मागे तांबड्या धुळीचा लोट. आधी चाकं धोंड्यांवरून उड्या मारत होती, मग त्या उड्या लांबल्या, आणि मग एका उडीनंतर चाकं खाली आलीच नाहीत. गुडघ्याएवढं वर. माणसाएवढं. मग बाभळीएवढं. लोक ओरडत होते, बशीरभाई दोन्ही हात वर करून नुसते पळत होते, कुठे ते त्यांनाही ठाऊक नसावं. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. माझे कान फक्त त्या घरघरीकडे होते. ती गुळगुळीत होती. थंडीतल्या पहाटे विहिरीकडून यायची तशीच.

माळाच्या टोकाला विमान अलगद टेकलं, वळलं आणि सावकाश परत आलं. पंखा थांबला. आजोबांनी चष्मा वर केला. चेहरा धुळीने तांबडा, डोळ्यांभोवती तेवढी दोन पांढरी वर्तुळं. "काटा," ते म्हणाले. "काटा मधेच हाय. हललाच न्हाय."

अव्वा पुढे आल्या. विमानाच्या पंखाकडे, पंख्याकडे, पोराकडे, कशाकडेच न बघता त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, फडकं काढ."

मी चौकट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हासमोर धरली. काठापासून काठापर्यंत फडकं तांबडं झालं होतं, चारही कोपऱ्यांत, सारखं. कुठे गडद नाही, कुठे फिकं नाही. जणू कुणी रंगात बुडवून काढलं होतं. वरच्या कडेला एक मधमाशी चिकटून बसली होती, पंख धुळीने जड झालेले. अव्वांनी चौकट आडवी केली, तिच्यावर हळूच फुंकर घातली आणि वाट बघत उभ्या राहिल्या. आम्हीही राहिलो, एवढी गर्दीसुद्धा. माशीने पाय झाडले, पंख झाडले, आणि ती उडाली.

ती दिसेनाशी होईपर्यंत अव्वा बघत राहिल्या. मग चौकट माझ्याकडे देत म्हणाल्या, "भूपाल, पाडवा झाला की हिरीला दुसरं इंजिन बग."